चारही साक्षीदार फुटले

सकाळी लॅपटॉप उघडला तर रात्रभर चालवलेल्या टेस्टचा निकाल समोर: चुका १. हजार असत्या तर परवडल्या असत्या, कुठे गडबड आहे ते तरी लगेच दिसतं. एकुलती एक चूक फार छळते.

मोठी संख्या मूळ आहे की नाही हे सांगणारं फंक्शन मी लिहिलं होतं. मिलर-राबिन चाचणी, म्हणजे काही ठराविक आकड्यांचे (पायांचे) घात घ्यायचे आणि संख्येने भागून उरणारी बाकी तपासायची. पाये चार: २, ३, ५, ७. या पायांना आमच्यात साक्षीदार म्हणतात. संख्या संयुक्त असेल तर निदान एकाने तरी तिच्याविरुद्ध बोलायचं. टीममधल्या नव्या मुलीने हट्टच धरला, की चाळणीने (लहान मूळ संख्यांच्या पटी खोडत जाऊन) काढलेल्या मूळ संख्यांच्या यादीशी सगळं ताडून बघायचं, थेट २ च्या ३२व्या घातापर्यंत. "कर, पण वेळ फुकट जाईल," असं मी बोलूनही गेलो होतो.

४२९ कोटींत न जुळलेली ती एक: ३,२१,५०,३१,७५१. माझं फंक्शन म्हणे मूळ, यादी म्हणे संयुक्त.

"ओव्हरफ्लो," मी न बघताच सांगितलं, म्हणजे आकडा ठरलेल्या जागेत मावला नाही. तसा अंदाज अगदीच हवेतला नव्हता. या संख्येचा वर्ग वीस अंकी, आणि चिन्हासकट ६४ बिटांत जेमतेम एकोणीस अंक मावतात. "पण सर, व्हेरिएबल अनसाइन्ड आहे, चिन्हाची जागाही आकड्यालाच. तुम्हीच ठेवलंय," ती म्हणाली. तरी पायथनमध्ये पुन्हा करून पाहिलं. उत्तर तेच.

मग वही काढली. एक वजा करून निम्मे केले की १,६०,७५,१५,८७५. विषम, म्हणजे तपासायला एवढा एकच घात. २ आणि ५ चा तो घात घेतला तर बाकी १. ३ आणि ७ चा घेतला तर बाकी संख्येहून एकाने कमी. मूळ संख्या वागेल ती अशीच!

"१५१ ने भाग जातो," ती शांतपणे म्हणाली. १५१ × ७५१ × २८,३५१. प्रत्येकातून एक काढला: १५०, ७५०, २८,३५०. तिन्हींनी ३,२१,५०,३१,७५० ला निःशेष भाग जातो. म्हणजे कार्मायकेल संख्या, ५६१ च्या घराण्यातली. सामाईक अवयव नसलेला कुठलाही पाया घ्या, फर्माची साधी कसोटी (संख्येहून एकाने कमी एवढा घात घेऊन बाकी १ येते का, इतकंच बघणारी) हिला मूळच म्हणणार. मिलर-राबिन त्याहून कडक, पण इथे चारही साक्षीदार फुटले. पोमेरान्स, सेल्फ्रिज आणि वॅगस्टाफ या गणितज्ञांनी १९८० सालीच छापून ठेवलंय, की २५ अब्जांखाली या चौघांना चकवणारी ही एकटीच. थोडक्यात, आमचा बग माझ्या नोकरीहून जुना निघाला.

११ ला उभं केलं, तो लगेच बोलला. मी पुढे जाऊन ३७ पर्यंतच्या बाराही मूळ संख्या घातल्या. ६४ बिटांत त्यांच्या हातून काही निसटत नाही, हे सिद्ध झालेलं आहे. बदल एका ओळीचा.

"मग आता २ च्या ६४व्या घातापर्यंत ताडून बघू?"

"एका रात्रीत ४२९ कोटी झाल्या. या वेगाने तेवढ्याच रात्री लागतील."

तिने मान डोलावली आणि कायमच्या टेस्टमध्ये ३२१५०३१७५१ ही ओळ टाकली.