तो हशा कुणाचा होता?

परवा रंकाळ्यावर चालताना एका काकांनी थांबवलंच, "ताई, तुमच्या त्या जुन्या सिरीयलमध्ये मागनं लोक हसायचे, ते समोर बसलेले असायचे का ओ?" आता तुम्हीही तेच विचारलंत म्हणून सांगते, कुणी नसायचं. चिटपाखरूसुद्धा नाही.

आम्ही कोल्हापूरच्या केशवराव भोसले नाट्यगृहाच्या स्टेजवर वाढलेली माणसं. (शाहू महाराजांनी १९१५ साली उभं केलेलं ते, २०२४ च्या ऑगस्टात जळालं त्या रात्री मला झोप नव्हती, असो.) तिथं वाक्य टाकलं की लाफ्टर यायचा, चढायचा, आणि उतरायला लागला की तो विझायच्या आत पुढचं वाक्य उचलायचं, हे मला कुठल्या शिबिरात नाही कळलं, कोल्हापूरच्या पब्लिकनं शिकवलं, आणि जमलं नाही तर मागच्या रांगेतनं तेही मोठ्यानं सांगायचे.

मग टीव्ही आला. १९८४ ला 'ये जो है जिंदगी' नं सगळ्यांना वेड लावलेलं, मराठीत त्याआधीच प्रभावळकर आणि बाळ कर्वेंचं 'चिमणराव' गाजून गेलेलं, त्या लाटेत मला एका मालिकेत शेजारणीचं काम मिळालं. रात्री महालक्ष्मी एक्सप्रेस, सकाळी मुंबईत उतरून थेट मेकअपला.

तीन कॅमेरे, वर कंट्रोल रूममध्ये पॅनलवर प्रोड्यूसर, तिथूनच शॉट बदलत सीन सलग टेपवर जायचा, त्यामुळं कुणी चुकलं की सगळं पहिल्यापासनं. बारीक चौकड्यांची साडी नेसायची नाही, पडद्यावर ती नाचते म्हणे. हे सगळं जमलं, पण ती शांतता! पहिल्याच सीनला मी वाक्य टाकलं आणि सवयीनं थांबले. समोरच्या नटाला वाटलं बाई विसरली, त्यानं माझंच वाक्य पुटपुटलं. कट. फ्लोअर मॅनेजर आला, "थांबलात कशाला?"

"लोक हसतील ना."

"कुठले लोक?"

काय सांगणार कप्पाळ. हशा नंतर टेपवरनं चिकटवायचे, आम्ही तो किती लांब असेल याचा नुसता अंदाज बांधायचा. शेवटी मी वर लाईट धरून बसलेल्या पोराचे खांदे बघायला लागले, ते हलले की पॉझ. त्याच्या जिवावर तेरा एपिसोड काढले मी.

एपिसोड लागला तेव्हा मंगळवार पेठेत आमच्या घरी अर्धी गल्ली जमलेली. टीव्हीतला हशा नेमका माझ्या सगळ्यात चांगल्या वाक्यावर येऊन पडला, वाक्य गिळलंच त्यानं. मी चरफडत बसले. आणि जिथं मी काही बोलतच नाही, नुसती मागून आणलेली वाटी पदराखाली घेते, टीव्हीत चिडीचूप, तिथं शेजारच्या काकू डोळ्याला पदर लावून हसायला लागल्या.

म्हटलं, "काकू, इथं काय झालं हसायला?"

"अगं, आमचं पुरणयंत्र शिमग्यापासनं तुझ्याकडंच हाय न्हवं."