पान नंबरही वाच, ताई

रविवार, रात्र

माजी विद्यार्थ्यांची बैठक आज बराच वेळ चालली आणि त्यातला बहुतेक वेळ देणगीत गेला. किती जमवायची, शिष्यवृत्ती कुणाच्या नावाने ठेवायची, धनादेश कुणाच्या हस्ते द्यायचा. पैसे लागतातच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण शिकून बाहेर पडलेल्या माणसाकडे विद्यापीठाला आणि समाजाला द्यायला फक्त पैसाच उरतो, असं सगळे धरून चालतात, ते मला पटत नाही. बैठकीत जमलं तेवढं बोलले. उरलेलं इथे लिहून ठेवते.

दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तकं वाचून रेकॉर्ड करणारा आमचा एक गट आहे. वाचतात आत्ता शिकणारी मुलं. फायली तपासायचं काम माझ्यासारख्या जुन्या लोकांकडे. यंदा नाटकात काम करणारी एक मुलगी गटात आली. सुरेख आवाज, स्वच्छ शब्दफेक. इतिहासाचं पहिलं प्रकरण तिने असं वाचलं की लढाई डोळ्यांपुढे उभी राहिली. ज्याच्यासाठी ते वाचलं होतं त्या मुलाने ऐकलं आणि तिला फोन केला.

"आवाज छानच आहे ताई, पण मी दुप्पट वेगाने ऐकतो. तू मध्येच थांबतेस, आवाज चढवतेस, उतरवतेस, ते त्या वेगात कानाला टोचतं. जरा सपाट वाच. आणि पान नंबरही वाच, ताई. वर्गात सर पान काढायला सांगतात तेव्हा सगळे पोचलेले असतात आणि मी शोधत बसतो."

पुढे जे झालं ते मला फार मोलाचं वाटतं. ती त्याला भेटायला गेली आणि त्याच्याच हेडफोनवर, त्याच्याच वेगाने स्वतःचं वाचन ऐकलं. आधी नुसता गोंगाट. मग हळूहळू शब्द सुटे होऊ लागले, आणि कुठे अडखळायला होतं ते तिचं तिलाच कळलं. आता ती पूर्ण प्रकरण एका लयीत वाचते. नाटकात कमावलेला श्वासावरचा ताबा इथे खरा उपयोगी पडला, कारण सपाट आणि तरी स्पष्ट वाचत राहणं भलतंच अवघड असतं. सध्या ती अर्थशास्त्राचे आलेख शब्दांत बसवते आहे: "आडव्या अक्षावर मागणी, उभ्या अक्षावर किंमत. रेषा डावीकडे वर सुरू होते आणि उजवीकडे खाली उतरत जाते." डोळे मिटून ऐकलं तर बोटाने हवेत रेषा काढता येते.

लहानपणापासून आपल्याला सांगितलं जातं की सेवा करायची तर आपली आवड बाजूला ठेवायची. मला वाटतं, आवड बाजूला ठेवून केलेली सेवा एखादं सत्र टिकते. ही मुलगी टिकली, कारण तिला वाचायला मनापासून आवडतं. मात्र त्या आवडीला वळण कुठलं द्यायचं, हे ऐकणाऱ्याला ठरवू दिलं पाहिजे. मला जे येतं तेच तुम्ही घ्या, असा हट्ट धरला की त्याची सेवा राहत नाही, प्रयोग होतो आणि समोरचा नुसता प्रेक्षक.

यावरून मला नेहमी आठवतात ते यान यांगचू, म्हणजेच जेम्स येन. १९१८ मध्ये येल विद्यापीठाची पदवी घेतली आणि हा तरुण फ्रान्सला गेला. पहिल्या महायुद्धात मजुरीसाठी नेलेले हजारो चिनी कामगार तिथे होते. दिवसभर राबून आलेल्या त्या माणसांची घरची पत्रं येन रात्री लिहून देत. पत्रांची रांग काही संपेना. मग त्यांनी त्यांना लिहायलाच शिकवायचं ठरवलं आणि रोजच्या व्यवहारात लागणारी हजारेक चिनी अक्षरं निवडून वर्ग सुरू केले. पुढे चीनमध्ये परतल्यावर त्यातूनच साक्षरतेची मोठी चळवळ उभी राहिली. डिंगशियान भागात काम करताना लक्षात आलं की नुसतं लिहितावाचता येऊन भागत नाही. शेती आणि आरोग्य हे प्रश्नही तितकेच निकडीचे आहेत. १९३०च्या दशकात तिथल्या गावांमधून आरोग्यसेवक तयार झाले. देवीची लस टोचायची, जन्म-मृत्यूची नोंद ठेवायची, किरकोळ दुखण्यांवर औषध द्यायचं, ही त्यांची कामं. आणि हे आरोग्यसेवक निवडले जात ते गावातल्या साक्षरता शाळांच्या माजी विद्यार्थी संघातून! शेतात राबणाऱ्या, नुकत्याच अक्षरओळख झालेल्या लोकांचा तो माजी विद्यार्थी संघ. आज बैठकीत देणगीची चर्चा ऐकताना माझ्या मनात सारखा तोच येत होता.

क्लेमंट अ‍ॅटलींचंही असंच. ऑक्सफर्डचे पदवीधर, बॅरिस्टर. १९०५ मध्ये ते पूर्व लंडनमधल्या स्टेपनीत, कामगारांच्या मुलांसाठीच्या एका क्लबात जाऊ लागले. हा क्लब त्यांच्या जुन्या शाळेच्या पाठबळावर चालत असे. पुढे त्यांनी क्लबाचं व्यवस्थापन हाती घेतलं आणि त्या वस्तीतच मुक्काम केला. गरिबी नुसत्या दानधर्माने हटत नाही, हे त्यांना तिथे कळून चुकलं. १९४५ मध्ये ते पंतप्रधान झाले आणि ५ जुलै १९४८ रोजी त्यांच्या सरकारने ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू केली. समाजाला काहीतरी द्यायला गेलेला माणूस तिथेच शिकायला बसला, म्हणून मला ही हकिगत आवडते.

पुस्तकं वाचून देण्याची गरजही अशीच मागणीतून पुढे आली होती. दुसऱ्या महायुद्धात दृष्टी गेलेल्या अमेरिकी सैनिकांना सरकारी मदतीमुळे कॉलेजात जाता येणार होतं, पण पुस्तकं वाचायची कशी? न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयाशी जोडलेल्या अ‍ॅन मॅकडोनल्ड यांनी १९४८ मध्ये स्वयंसेवक जमवले आणि पुस्तकं तबकड्यांवर उतरू लागली.

आता आमच्या गटाची खरी अडचण. ऐन परीक्षेच्या आधीचे आठवडे म्हणजे दृष्टिहीन मुलांना रेकॉर्डिंग सगळ्यात जास्त हवं असतं, आणि नेमकी तेव्हाच वाचणारी मुलंही स्वतःच्या परीक्षेत बुडालेली असतात. यात त्यांचा काही दोष नाही. शिवाय मुलं तीन-चार वर्षांत शिकून निघून जातात, आणि त्यांच्याबरोबर बारीकसारीक गोष्टीही जातात: सूत्र कसं वाचायचं, तळटीप कुठे घ्यायची, कुणाला कुठला वेग चालतो, कुठल्या पुस्तकाचं कुठलं प्रकरण अर्धं राहिलंय. दर वर्षी नवी मुलं आली की पहिल्यापासून सुरुवात. हे दोन्ही खड्डे जुन्या विद्यार्थ्यांनी भरायचे असतात. आम्हाला परीक्षा नाहीत, आणि आम्ही कुठे जाणारही नाही.

एवढंच मी बैठकीत मागितलं. परीक्षेच्या महिन्यात आठवड्याला दोन तास वाचन, आणि ज्यांना वाचायला जमत नाही त्यांनी नोंदवही सांभाळायची. काही हात वर आले. एका गृहस्थांनी विचारलं, "रसायनशास्त्र सोडून मला जमाना झाला, माझं वाचन चालेल का?" म्हटलं, नक्की चालेल. सूत्रं कशी वाचायची ते आमची मुलं शिकवतील तुम्हाला. ते बँकेतून निवृत्त झालेत आणि आवाज अगदी खणखणीत आहे. त्यांना पुढच्या आठवड्यात त्या नाटकवाल्या मुलीबरोबर बसवायचं ठरलं.

सांख्यिकीचं पुस्तक मात्र अजून कुणी घेतलेलं नाही. त्यात तक्तेच तक्ते आहेत. ते आडव्या ओळींनी वाचायचे की उभ्या रकान्यांनी, हे ज्याला अभ्यास करायचाय त्यालाच आधी विचारायला हवं. उद्या त्याला फोन करते, मग वाचणारं कुणीतरी शोधते.