तुम्ही विचारलंत म्हणून: रस्सा बंद केला तर पिंपल्स जातात काय?

कोल्हापुरात महाद्वार रोडजवळ आमचं औषधाचं दुकान आहे. मुलीला घेऊन आलेल्या आया हमखास विचारतात, "ताई, हिचा तांबडा रस्सा बंद करू काय? पिंपल्स जातील काय?"

जाणार नाहीत. तिखटानं पिंपल्स येतात याला आधार नाही, आणि पोटातली उष्णता किंवा 'रक्त खराब' हीही कारणं नव्हेत. वयात येताना अँड्रोजेन, म्हणजे पुरुषी हार्मोन्स वाढतात, मुलींमध्येसुद्धा. त्यामुळे त्वचेतल्या ग्रंथी जास्त तेल सोडतात. त्याच सुमाराला केसांच्या छिद्रांशी मृत पेशी चिकटून बूच बसतं. आत तेल साठतं, त्वचेवर एरवीही असणारे जिवाणू तिथं वाढतात आणि फोड सुजतो. ब्लॅकहेडचा काळेपणाही मळाचा नसतो. म्हणून साबणानं पाच-पाच वेळा तोंड घासणाऱ्या पोरांना मी कळवळून सांगते, दोनदा धुवा, तेही सौम्य फेसवॉशनं.

खाण्याचा संबंध असलाच तर तो साखर, मैदा आणि दुधाशी. काही अभ्यासांत तसं दिसलंय. गंगावेशीत कट्ट्यावर धारोष्ण दूध पिणाऱ्या गावात हे सांगणं जिवावर येतं. दूध तोडा, असं मी म्हणतही नाही. पण जिमला जाणाऱ्या पोराच्या पाठीवर एकदम फोड उठले, तर आधी व्हे प्रोटीनचा, म्हणजे दुधापासूनच केलेल्या प्रोटीन पावडरचा डबा कधी सुरू केला ते विचारते.

खरी काळजी वाटते ती 'गोरं करणाऱ्या' ट्यूबची. कुणीतरी मैत्रीण नाव सांगते आणि मुली रिकामी ट्यूब घेऊन येतात. मागं बारीक अक्षरांत बीटामेथासोन, क्लोबेटासोल नाहीतर मोमेटासोन लिहिलेलं असतं. ही स्टेरॉइडं. सूज दाबतात, म्हणून पहिले काही दिवस चेहरा तुकतुकीत दिसतो. पुढं कातडी पातळ होते, लव वाढते, नवे फोड येतात. बंद केलं की आग होते, म्हणून पुन्हा तेच लावलं जातं. एका मुलीनं काउंटरपुढं स्कार्फ सोडला, तर दोन्ही गालांवर लाल शिरांचं जाळं. तिला ऊनच काय, साधं पाणीही झोंबत होतं. 2018 पासून अशी मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी आहे. मी देत नाही, कितीही रागावलात तरी.

साध्या पिंपल्सना डॉक्टर बहुधा बेंझॉइल पेरॉक्साइड किंवा ॲडापलीन देतात. ॲडापलीन रात्री, कोरड्या चेहऱ्यावर, हरभऱ्याएवढं. फोडांपुरतं नाही, सगळीकडे पातळ. सुरुवातीला चेहरा कोरडा पडतो, सालं निघतात, कधी फोड वाढल्यासारखे वाटतात. नेमकं तेव्हाच लोक औषध सोडतात, आणि मला फार वाईट वाटतं, कारण फरक दिसायला दोन-तीन महिने लागतात. बेंझॉइलनं उशीच्या अभ्र्याचा रंग उडतो, तेवढा जुना घ्या.

पाळी अनियमित असेल, हनुवटीवर राठ केस येत असतील तर पीसीओएसची, म्हणजे अंडाशय आणि हार्मोन्सच्या बिघाडाची तपासणी करून घ्या. आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या गुणकारी आहेत, पण गरोदरपणात घेतल्या तर गर्भात व्यंग निर्माण होऊ शकतं. त्या त्वचारोगतज्ज्ञांच्या देखरेखीखालीच घ्यायच्या. दुखऱ्या, खोल गाठी येत असतील तर मात्र वाट बघू नका, त्यांचे खड्डे कायमचे राहतात. खर्चाची अडचण असेल तर सीपीआर हे सरकारी रुग्णालय आहे. चिठ्ठी घेऊन या, मलम किती आणि कसं लावायचं ते मी बोटावर घेऊन दाखवीन.