सिस्टर, तुम्हाला काय वाटतं?

लातूरजवळच्या एका उपकेंद्रात सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) असलेल्या माझ्या मैत्रिणीने गेल्या महिन्यात व्हॉट्सॲपवर जाहिरात पाठवली. 'इंग्लंडमध्ये एका वर्षात ॲडव्हान्स्ड क्लिनिकल प्रॅक्टिस!' शेजारी हसऱ्या नर्सचा फोटो. खाली तिचा प्रश्न : "तू हेच करायलीस ना? मग मी पण फॉर्म भरू का?"

तीन व्हॉइस नोट पाठवल्या, तरी तिचं समाधान होईना. म्हणून लिहितेच. मी इंग्लंडमध्ये लेस्टरला नर्स आहे आणि नोकरी करत हीच एमएस्सी करतेय. नर्स वगैरेंनी पेशंट स्वतः तपासून निदान-उपचार करायला शिकायचं, असा हा कोर्स.

आधी पैशांचं. ही एमएस्सी केली म्हणून इथे नर्स म्हणून नोंदणी मिळत नाही. नोंदणी एनएमसीकडे, म्हणजे इथल्या नर्सिंग परिषदेकडे, आणि तिचा रस्ता वेगळा : आयईएलटीएस किंवा ओईटी ही इंग्रजीची परीक्षा, मग कॉम्प्युटरवरची परीक्षा, मग ओएससीई ही प्रात्यक्षिक परीक्षा. आयईएलटीएसला लिखाणात साडेसहा चालतात, बाकी तिन्हींत सात लागतात. नोंदणी नसेल तर नर्स म्हणून पेशंटला हात लावता येत नाही, आणि या कोर्सचा जीव तर पेशंटजवळच आहे. माझ्यासोबतचे बहुतेकजण आधीपासून नोकरीत आहेत, फी हॉस्पिटल भरतं, शिकवायला वॉर्डातलाच एक सीनियर नेमून दिलेला असतो. मीसुद्धा आधी इथे चार वर्षं साधी स्टाफ नर्स होते. घरदार गहाण टाकून नुसती डिग्री घ्यायला येणं म्हणजे शेत नसताना औत विकत घेणं.

आता कोर्सचं. 2017 साली इंग्लंडमध्ये याचा आराखडा ठरला. त्यात चार खांब सांगितलेत : पेशंटची प्रत्यक्ष तपासणी-उपचार, नेतृत्व, शिकवणं आणि संशोधन. नोकरी सांभाळून साधारण तीन वर्षं, 180 क्रेडिट. वर्गात माझ्या एका बाजूला फिजिओथेरपिस्ट, दुसऱ्या बाजूला ॲम्ब्युलन्सवरचा पॅरामेडिक. संशोधनाच्या खांबाबद्दल मी फार बोलणार नाही, तो मला अजून पेलत नाही.

मला खरं जड गेलं ते दुसरंच. बीड जिल्ह्यातल्या एका खासगी दवाखान्यात मी सहा वर्षं काढली. स्टेथोस्कोप वापरायचा तो बीपीपुरता. छातीला लावला तर "सिस्टर, तुम्ही कधीपासून डॉक्टर झालात?" हे ठरलेलं. पेशंट बिघडायला लागलाय हे कळायचं, पण फोनवर म्हणायचं इतकंच, "सर, जरा येऊन बघता का?"

इथे लेस्टरला कोर्सच्या पहिल्या वर्षी एक गुजराती आजोबा आले, धाप लागलेली. मी त्यांची छाती ऐकली, दोन्ही बाजूंना खाली क्रेप्स, म्हणजे श्वास घेताना येणारा करकर आवाज. (इथे त्याला क्रॅकल्स म्हणतात, मला अजून क्रेप्सच येतं तोंडात.) कन्सल्टंट आले. त्यांना सगळे नावाने हाक मारतात, माझी जीभ काही वळत नाही. त्यांनी विचारलं, "तुला काय वाटतं?" मी म्हणाले, "डॉक्टर, तुम्ही बघा ना." ते म्हणाले, "बघणारच आहे. आधी तू सांग."

सांगितलं. हृदय नीट पंप करत नाहीये, म्हणून फुप्फुसात पाणी. मग प्रश्नांची सरबत्ती : न्यूमोनिया का नाही? ताप नाही, पाय सुजलेत, आठवड्यात वजन वाढलंय, झोपायला तीन उशा लागतात. आणि तू चुकत असशील तर? तर एक्सरे, बीएनपीची रक्ततपासणी आणि हृदयाची इको सांगतील. निदान बरोबर निघालं, पण त्या रात्री झोप लागली नाही. बरोबर-चूक आता माझ्या नावावर होतं.

दुसरी गोष्ट पेशंटला बोलतं करण्याची. इथे तीन गोष्टी विचारायला शिकवतात : तुम्हाला स्वतःला काय झालंय असं वाटतं, भीती कशाची वाटते, आमच्याकडून काय हवंय. गावाकडे हे विचारलं तर उत्तर येईल, "मला काय ठाव बया, तुमीच सांगा की." मलाही आधी हसू आलं होतं. पण भीतीच्या प्रश्नाशी मी अडकले. आमच्याकडे ऊसतोडीहून परतलेल्या बाया यायच्या, कंबर दुखते, अंगावरून पांढरं जातं म्हणून. कुणीतरी कॅन्सरची भीती घातलेली असायची, आणि तिशीतल्या बाईची पिशवी निघायची. 2019 मध्ये यावर सरकारने समिती नेमली, बातम्या झाल्या. त्या बायांपुढे ऑपरेशनच्या संमतीसाठी अंगठ्याचं पॅड मी धरलेलं आहे. तिला भीती कशाची वाटते, हे मी एकदाही विचारलं नाही. आमच्या कामात ते बसतच नव्हतं, असं मी स्वतःला सांगत आले.

सध्या औषधं लिहून देण्याचा भाग चालू आहे. 2006 पासून इथे औषधं लिहून देण्याचा कोर्स केलेल्या नर्सला, तिच्या अनुभवाच्या कक्षेत, जवळजवळ सगळी औषधं लिहिता येतात. औषधशास्त्राच्या पेपरात पास व्हायला 80 टक्के लागतात, डोसाच्या गणितात शंभर. एक चुकलं की नापास. मला हा नियम मनापासून पटतो. दशांशचिन्ह एक घर सरकलं की काय होतं ते नाइट ड्यूटी केलेल्या कुणालाही विचारा.

मैत्रिणीला शेवटी एवढंच कळवलं : जाहिरातवाल्याला विचार, नोंदणी कोण करून देणार आणि वॉर्डात शिकवणार कोण. उत्तर आलं तर मलाही कळव. अजून आलेलं नाही.

आईला मात्र हे सगळं समजावणं मुश्कील. रविवारी फोनवर तिने विचारलं, "म्हंजी तू आता डॉक्टर व्हायलीस का?"

"नाही गं. नर्सच."

"मग सुई देतीस का न्हाई?"

"देते की."

"हां," म्हणाली, आणि शेजारच्या काकूंच्या गुडघ्याचं सांगायला लागली.