लाजाहोमानंतरच्या पापण्या

लाजाहोम आटोपून नवरी खोलीत आली तेव्हा तिच्या दोन्ही डोळ्यांच्या बाहेरच्या कोपऱ्यातल्या लॅशेसच्या, म्हणजे मूळ पापण्यांवर मी ग्लूने चिकटवलेल्या कृत्रिम केसांच्या, टोकांना बारीक काळे मणी आले होते. रिसेप्शन सातला, मला फोन साडेतीनला. मी आधी एवढंच विचारलं: डोळा चुरचुरतोय का, लाल झालाय का, धूसर दिसतंय का? यातलं एकही असतं तर मी ट्वीझर उचललाच नसता. आधी डोळ्यांचे डॉक्टर. सुदैवाने तसं काही नव्हतं.

'मिंक' (या प्राण्याच्या मऊ केसांवरून नाव) म्हणून विकल्या जाणाऱ्या बहुतेक लॅशेस पीबीटी या पॉलिएस्टर धाग्याच्या असतात. त्यांचा कर्ल उष्णता देऊन बसवलेला असतो आणि उष्णतेनेच तो सुटतो. हा धागा वितळतो २२३ अंशांच्या आसपास, पण मऊ पडायला लागतो पन्नाशीतच. त्यामुळे ज्वाळेची खूण वेगळी आणि वाफेची वेगळी. ज्वाळेने टोकाला मणी येतो, शेजारचे धागे चिकटतात, ब्रश अडकतो. मुळाशी सगळं ठीक असतं. वाफेने किंवा ड्रायरने मणी येत नाही, पूर्ण वळणच उघडतं.

इथे दोन्ही होतं. मी ०.०७ मिमीचे तीन-तीन धाग्यांचे फॅन (पंख्यासारखे पसरलेले झुबके), डी कर्लमध्ये, म्हणजे जास्त वळणाचे, ९ ते १२ मिमी लांबीचे लावले होते. मणी फक्त बाहेरच्या कोपऱ्यात. पण नाकाजवळच्या आखूड लॅशेसही सी कर्लसारख्या, म्हणजे कमी वळणाच्या, सैलावलेल्या, दोन्ही डोळ्यांत सारख्याच. खोदून विचारल्यावर कळलं की आदल्या दिवशी पार्लरमध्ये स्टीमर लावून फेशियल झालं होतं आणि सकाळी समोरच्या बटा सेट करताना ड्रायर थेट चेहऱ्यावर मारला होता. लॅशेस लावल्यात हे पार्लरवाल्यांना माहीत होतं. तरी स्टीमर, कारण पॅकेजमध्ये स्टीमर! ब्रायडल पॅकेज नावाच्या प्रकाराबद्दल माझं मत काही बरं नाही.

पडलेला कर्ल परत उभा करता येत नाही. खोलीतल्या एका मावशींनी गरम कर्लर सुचवला. त्याने ग्लूचा सांधा मोडू शकतो आणि बरोबर पापणीचा मूळ केसही तुटू शकतो. मणी कात्रीने उडवले तर टोक बोथट होतं, ते फोटोत लगेच दिसतं. मग जळालेले तेवढेच काढायचे. चांगले फॅन मायक्रोपोर टेपने मागे धरले, मायक्रोब्रशने क्रीम रिमूव्हर फक्त सांध्यावर लावला (पातळ रिमूव्हर डोळ्यात ओघळतो), तीन-चार मिनिटं थांबून फॅन अलगद सरकवून घेतले. ओढून एकही काढायचा नाही. नंतर लॅश शाम्पू, पाणी, पूर्ण कोरडं. रिमूव्हरचा अंश राहिला तर नवा ग्लू धरतच नाही.

काही मूळ केसांची टोकंही करपली होती. जळक्या केसाचा वास येतो, त्यावरून कळतं. पीबीटीला तो वास नसतो. अशा केसांवर फॅनचं वजन नको, म्हणून एकेकच धागा लावला, ८ मिमीचा. आणि नवे सगळे सी कर्लचे घेतले, डीचे नाही. जुने सैलावून सीवर आलेले असताना मध्येच डी लावला असता तर ठिगळ दिसलं असतं. मे महिना, वर एसी. हवेतला ओलावा मोजणारा हायग्रोमीटर तीस टक्क्यांच्याही खाली. सायनोअ‍ॅक्रिलेट हा ग्लू हवेतल्या ओलाव्याने धरतो, म्हणून ओला टॉवेल खुर्चीवर पसरून, शेवटी बारीक तुषार सोडणारा नॅनो मिस्टर फिरवावा लागला.

आता होमाचं. तूप पडलं की ज्वाळा क्षणभर उसळते. त्याच क्षणी नवरी लाह्या सोडायला वाकलेली आणि नजर खाली, म्हणजे लॅशेस सरळ ज्वाळेच्या दिशेने. त्यात गुरुजींच्या मागे उभा पंखा, झोत हिच्याकडे. आणि फोटोग्राफर म्हणतोय, "अजून जरा वाका, ज्वाळा छान येतेय." गुरुजी बिचारे उलट मागे सरका म्हणत होते.

करायचं इतकंच होतं: पंख्याची दिशा बदलायची, तूप पडल्यावर ज्वाळा बसू द्यायची, पाठ ताठ ठेवून हात लांब करून लाह्या सोडायच्या. फेशियल लॅशेसच्या आधी उरकायचं. ड्रायर थंड हवेवर आणि मागून. घरी कुकरचं झाकण वाफ जिरल्यावर, चेहऱ्यापासून दूर उघडायचं. ओटीजीचं दार उघडून बाजूला उभं राहायचं, पहिला झोत गेल्यावर वाकायचं. सर्दीला वाफ लागणारच असेल तर डोक्यावर टॉवेल न घेता नाकातोंडापुरत्या मास्कचा व्हेपोरायझर वापरायचा.

होम असलेल्या नवरीला १२ मिमी डी कर्ल द्यावा की नाही, हे माझं अजून ठरत नाही. १० मिमीच्या सीला धोका कमी, पण ट्रायलला आरशात बघून तो कोणीच निवडत नाही. पार्लरवाली मात्र अजून होमालाच दोष देते. नाकाजवळच्या लॅशेस कशा सैलावल्या, विचारलं की विषय बदलते.