कीव, कणव आणि ‘कियामाम’

इस्तंबूलच्या आशियाई किनाऱ्यावर उस्कुदार नावाचा जुना भाग आहे. तिथे चढावरच्या एका लिफ्ट नसलेल्या इमारतीत मी चार वर्षांपासून राहते. माझ्या खालच्या मजल्यावर साठी ओलांडलेल्या एक बाई एकट्याच राहतात. इथल्या रीतीप्रमाणे मी त्यांना ‘तेयझे’ म्हणते. या शब्दाचा मूळ अर्थ ‘मावशी’ असा आहे आणि आपल्यासारखाच तो शेजारणीलाही लावतात. पहिल्याच हिवाळ्यात एकदा त्या एका हाताने कठडा धरून, दुसऱ्या हातात भाजीच्या पिशव्या घेऊन जिना चढत होत्या आणि प्रत्येक पायरीवर गुडघ्याची कळ त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होती. मी पिशव्या घेतल्या आणि अगदी मनापासून म्हणाले, ‘सिझे आजियोरुम.’ तुमचा त्रास पाहून माझा जीव कळवळतो, असे मला म्हणायचे होते. मावशी थांबल्या आणि शांतपणे म्हणाल्या, ‘कीव करावी असे माझे हाल झालेले नाहीत, मुली.’ पुढचे दोन मजले आम्ही एक शब्दही न बोलता चढलो.

इंग्रजी ‘कम्पॅशन’ या शब्दापुढे शब्दकोशात ‘आजिमा’, ‘मेरहामेत’ आणि ‘शेफकात’ असे तीन तुर्की शब्द शेजारी शेजारी दिलेले असतात. त्यांतला पहिला मी उचलला, कारण त्याचे मूळ मला ठाऊक होते आणि ते मला फार आवडले होते. ‘आजी’ म्हणजे तिखट, कडू आणि वेदनाही. खाणावळीत कबाब मागवला की तिखट हवा की बिनतिखट, हे याच शब्दाने विचारतात. हात भाजला तर ‘एलिम आजियोर’, म्हणजे माझा हात दुखतो आहे, असेही याच शब्दाने सांगतात. तेच क्रियापद चतुर्थीतल्या माणसाला जोडले की त्याचा अर्थ ‘दया येणे’ असा होतो. दुसऱ्याची जखम आणि माझे दुखणे एकाच धातूत राहतात, यापरते करुणेचे वर्णन कोणते, असे मला वाटले होते. परंतु शब्द व्युत्पत्तीने चालत नाही, वापराने चालतो. समोरच्या माणसाला उद्देशून ‘सिझे आजियोरुम’ म्हटले की तो खाली आणि बोलणारा वर जातो. मी म्हणायला हवे होते, ‘इचिम आजिदी’, म्हणजे ‘माझे आत दुखले’, आपण ‘पोटात तुटले’ म्हणतो तसे. शब्द तोच, पण या वाक्यात समोरच्याला जागाच नाही. दुखणे सर्वस्वी बोलणाऱ्याचे आहे.

इंग्रजीतल्या ‘पिटी’चेही असेच झाले आहे. तो शब्द लॅटिनमधल्या ‘पिएतास’पासून फ्रेंचमार्गे आला आणि ‘पायटी’, म्हणजे धर्मनिष्ठा, हे त्याचेच भावंड आहे. एके काळचा हा भारदस्त शब्द आज ‘मला तुमची पिटी नको’ अशा फटकारण्यातच अधिक ऐकू येतो, आणि सभ्य लोकांनी त्याची जागा ‘कम्पॅशन’ला, म्हणजे ‘सोबत सोसणे’ या अर्थाच्या शब्दाला, दिली आहे. परंतु जिन्यात भेटलेल्या शेजारणीला ‘मला तुमच्याविषयी कम्पॅशन वाटते’ असे कोणी म्हणत नाही. तो लेखात आणि भाषणात शोभणारा शब्द आहे, तोंडी येणारा नाही. आपल्या ‘अनुकंपे’ची तीच गत आहे. ‘दुसऱ्याबरोबर थरथरणे’ असा सुंदर अर्थ पोटात असलेला तो शब्द आज मुख्यतः अनुकंपा तत्त्वावरील नोकरीच्या अर्जात उरला आहे. बोलण्यात आपण कणव, कळवळा, माया यांच्याकडेच वळतो, आणि ‘कीव’ मात्र तोंडावर म्हणायची नाही, हे कोणी न शिकवता आपल्याला कळते.

तोंडी येणारा तुर्की शब्द मला मावशींनीच दिला. पुढच्या वसंतात मी तापाने तीन दिवस अंथरुणात होते. दार वाजले, हातात मसुराच्या सूपचे झाकलेले पातेले घेऊन, त्याच गुडघ्यांनी वर चढून आलेल्या मावशी उभ्या होत्या. माझ्या कपाळाला हात लावून त्या म्हणाल्या, ‘कियामाम साना.’ या वाक्याचे भाषांतर मी अनेकांना विचारले आहे आणि इंग्रजीत ते कोणालाही धडपणे करता आलेले नाही. ‘कियमाक’ म्हणजे बारीक चिरणे, आणि त्यापुढे जाऊन निर्दयपणे घात करणे. ‘जाना कियमाक’ म्हणजे जीव घेणे. इथे खाटकाकडे मिळणारा ‘कियमा’ हाच आपल्याकडे खिमा म्हणून आला आहे. ‘कियामाम’ म्हणजे मला तसे करवत नाही, तुझ्यावर सुरी धरायला माझा हात धजत नाही. अर्थात इथे सुरी कोणीच धरलेली नसते, तरीही जवळच्या माणसाचे जरासे दुखणे पाहून हेच वाक्य निघते. यात ‘तू दुबळी आहेस’ असे कुठेही नाही. जे आहे ते ‘मला करवत नाही’ एवढेच. दयेला नकारार्थी क्रियापदात ठेवण्याची ही रीत मला अत्यंत शहाणपणाची वाटते.

हा संकोच या शहराच्या जुन्या व्यवहारातही दिसतो. बेकरीत ‘आस्किदा एकमेक’, म्हणजे ‘टांगलेला पाव’, ही पद्धत आहे: दोन पावांचे पैसे देऊन एकच न्यायचा, आणि उरलेला गरजूने ‘टांगलेला आहे का?’ असे विचारून घ्यायचा. दोघांची गाठ पडतच नाही. उस्मानी काळातले दानाचे दगडी खांब उस्कुदारमध्ये अजून उभे आहेत. त्यांच्या माथ्यावरच्या खोबणीत नाणी ठेवायची आणि ज्याला हवी त्याने लागतील तेवढी उचलायची, अशी ती सोय होती. १८७३ मध्ये इस्तंबूलमध्ये अनाथ मुलांसाठी सुरू झालेल्या प्रसिद्ध शाळेचे नाव ‘दारुश्शाफाका’, म्हणजे वात्सल्याचे घर, असे आहे. निराधारांच्या आश्रमाचे नाव मात्र ‘दारुलाजेझे’, असहायांचे घर. एक नाव देणाऱ्याच्या भावनेवरून पडले आणि दुसरे घेणाऱ्याच्या अवस्थेवरून. पहिल्या घरातल्या मुलाला आपला पत्ता सांगणे किती सोपे गेले असेल, याचा मी पुष्कळदा विचार करते.

गेल्या महिन्यात मावशींच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. त्या घरी आल्या त्या संध्याकाळी मी मुगाची मऊ खिचडी आणि वरून साजूक तूप असे घेऊन खाली गेले. हिंदुस्थानी जेवण म्हणून त्यांनी आधी चमच्याच्या टोकाने अंदाज घेतला आणि विचारले, ‘आजी मी?’ म्हणजे, तिखट आहे का? ‘कियामादिम’, मी म्हणाले, मिरची टाकायला हात धजला नाही. मावशींनी चमचा भरून घेतला आणि उशीला टेकून मला शेजारी बसायची खूण केली.