वरचा बोल्ट

घरी गाडी उघडून बसलेल्या माणसाचा फोन आला की मी आधी एकच विचारतो: बॅटरीची निगेटिव्ह वायर काढलीत का? सेल्फच्या, म्हणजे इंजिन सुरू करणाऱ्या मोटारीच्या, जाड वायरीत चावी बंद असतानाही करंट असतो. पाना एकाच वेळी तिला आणि बॉडीला टेकला की ठिणगीचा असा झोत उडतो की पान्याचं तोंड वितळतं. हे विचारलं की बहुतेक जण गप्प होतात. रत्नागिरीजवळच्या पावसहून आलेल्या फोनवर मात्र एक मुलगी लगेच म्हणाली, "काढली काका, वर फडकंपण गुंडाळलंय. खालचा बोल्ट निघाला, वरचा हाताला लागत नाही."

सेल्फ खराब आहे हे कशावरून ठरवलं, असं विचारलं. चावी फिरवली की नुसतं 'टक्' होतं, बॅटरी मीटरवर १२.६ व्होल्ट दाखवते आणि हेडलाइट लावून चावी मारली तरी उजेड मंद होत नाही, असं तिनं सांगितलं. म्हणजे करंट मोटारीपर्यंत पोचतच नव्हता. पोरीला काम कळत होतं. सामान भरलं, भाट्याचा पूल ओलांडला आणि निघालो.

गाडी अंगणात, पुढची दोन्ही चाकं अधांतरी. खाली टेकू दिले होते जांभ्या दगडाच्या चिऱ्यांचे! कोकणात अंगणात पडलेला चिरा सगळ्यालाच लागतो, पण जांभ्यावर गाडीचा भार एका टोकावर आला की तो कधी भुगा होईल सांगता येत नाही, आणि होतो तेव्हा कडकडसुद्धा वाजत नाही. मुलीचे वडील म्हणाले, "मेस्त्री, घर उभं आहे त्यावर." मी म्हटलं, "घराखाली कोणी झोपत नाही." चिरे काढून माझ्या लोखंडी घोड्या, म्हणजे गाडी पेलणारे स्टँड, लावल्या, मागच्या चाकांना ओंडके दिले, मग खाली गेलो. तिनं बाकी सगळं नीट केलं होतं. काढलेले बोल्ट स्टीलच्या वाट्यांत, प्रत्येक वाटीत कागदाची चिठ्ठी, आणि प्रत्येक जोडणीचा मोबाइलवर फोटो. आमच्या गॅरेजातली मुलं अजून सगळं एकाच डब्यात टाकतात.

आता तो बोल्ट. गाडी कुठल्या कंपनीची ते सांगत नाही, कारण बऱ्याच गाड्यांची तऱ्हा तीच. इंजिन आडवं, सेल्फ मागच्या बाजूला, केबिनच्या पत्र्याकडे तोंड करून. त्याच्यावर मॅनिफोल्ड (इंजिनाच्या नळ्यांचा जुडगा), पुढून पाण्याचा पाइप आणि वायरिंगची क्लिप. जुन्या प्रीमियर पद्मिनी गाडीचं १०८९ सीसीचं इंजिन गाडीच्या लांबीत उभं असायचं, दोन्ही बाजूंना एवढी जागा की हात कोपरापर्यंत आत जायचा. १९८३ ला मारुती आली, इंजिन आडवं झालं, गाडी आखूड होऊनही माणसं ऐसपैस बसायला लागली. ती जागा इंजिनाच्या खोलीतून काढली, म्हणजे आमच्या हातातून काढली. तक्रार नाही, पण बोटांची सालं आमची जातात.

वरच्या बोल्टाला पाना बसत होता, फिरत नव्हता. बारा कोनी रिंग पाना पुढचा कोन धरायला निदान ३० अंश फिरावा लागतो. तिथं २० सुद्धा मिळत नव्हते. फिक्स पान्याचं तोंड १५ अंश तिरकं असतं, त्यामुळे तो उलटासुलटा करत सहा कोनी बोल्ट ३० अंशांत ओढता येतो, पण तेवढीही सोय नव्हती. ७२ दात्यांचं रॅचेट, म्हणजे न उचलता मागेपुढे करत फिरवायचा पाना, ५ अंशांत पुढचा दात पकडतं, पण त्याचं डोकं जाड, ते पाइपाला अडत होतं. लोकांना वाटतं बोल्ट गंजून बसलाय, जोर कमी पडतोय, मग पान्याला पाइप लावतात आणि बोल्टाचं डोकं गोल करून ठेवतात. जागा नसेल तिथं जोर काय कामाचा?

मी डावं चाक काढलं, कमानीतलं प्लास्टिकचं अस्तर सोडलं. तिथून, अॅक्सलच्या वरून, एक लांबलचक सरळ वाट त्या बोल्टाच्या जवळपास जात होती. रॅचेट कमानीबाहेर, मध्ये दोन लांब रॉड, टोकाला कुठल्याही बाजूला वाकणारा युनिव्हर्सल जॉइंट आणि १४ ची सहा कोनी गोटी, म्हणजे बोल्टाच्या डोक्यावर बसणारं सॉकेट. जॉइंट सैल असला की गोटी मान टाकते आणि अंधारात बोल्ट सापडत नाही, म्हणून त्याच्यावर इन्सुलेशन टेप गुंडाळायची. हवं तेवढंच वाकतं आणि एरवी ताठ राहतं.

तरी गोटी डोक्यावर बसेना. माझा पंजा मॅनिफोल्डखाली मनगटाशी अडत होता. मी तिला म्हटलं, "बाय, वरून हात घाल. डोळे मिट, तिकडे बघायला काही नाही. बोटांनी डोकं शोध आणि गोटी त्याच्यावर धरून ठेव." तिचा हात गेला. थोडा वेळ आतून नुसती खरखर, मग म्हणाली, "बसली." मी खालून ओढलं. रॉडाला पीळ बसला, बोल्ट जागचा हलला नाही.

तेव्हा लक्षात आलं. खालचा बोल्ट निघालेला, म्हणजे अख्खा सेल्फ वरच्या एकाच बोल्टावर लटकून तिरका झाला होता. आटे एका बाजूला दाबले गेले की बोल्ट गंजल्यासारखाच वागतो. मी तिला खालच्या बोल्टाची वाटी मागितली. "परत लावायचा?" तिला पटेना. तीनचार आटे हातानं लावले, सेल्फखाली लाकडाचा ठोकळा देऊन तो किंचित उचलला, जागेवर सरळ केला. मग तिनं पुन्हा गोटी बसवली आणि मी ओढलं. 'कट्ट' असा आवाज आला. ती ओरडलीच, "सुटला!"

लगेच पूर्ण काढायचा नाही. अर्धा फेरा सोडायचा, पाव फेरा परत आवळायचा, तेल सोडायचं, पुन्हा सोडायचा. समुद्र जवळ असलेल्या गावात आट्यांत गंजाची पूड असते, ती बाहेर येऊ द्यावी लागते. घिसाडघाई केली तर गिअरबॉक्सच्या अॅल्युमिनियममधले आटे बोल्टाबरोबर बाहेर येतात आणि मग हजाराचं काम दहा हजारांवर जातं.

सेल्फ पडवीत उघडला. सोलेनॉइडमधले, म्हणजे मोटारीला करंट जोडणाऱ्या खटक्यातले, तांब्याचे कॉन्टॅक्ट एका बाजूनं खाल्लेले, मोटारीच्या आत करंट पोचवणारा एक कार्बन संपत आलेला. तिचा भाऊ मोटारसायकलवर रत्नागिरीहून माल घेऊन आला, तोवर जेवण झालं.

परत बसवणं काढण्याहून कठीण. अंधाऱ्या भोकात बोल्ट सुरू करायचा आणि तो गोटीतून पडला की खालच्या पत्र्यावर कुठं जातो देव जाणे. गोटीत कागदाचा तुकडा कोंबला की बोल्ट घट्ट धरला जातो. आधी उलट्या दिशेनं फिरवायचं. आटा जिथं सुरू होतो तिथं बोटाला बारीक 'टिक्' लागतं, मगच सुलटं. पहिले आटे हातानं, पान्यानं नाही. ते तिनंच लावले, कारण हात तिचाच जात होता.

वडिलांनी चावी मारली, गाडी पहिल्याच फटक्यात सुरू झाली. मग पैशांचा विषय. आकडा ऐकून ते म्हणाले, "मेस्त्री, अर्धं काम तर पोरीनं केलंन."

"म्हणून तर अर्धेच सांगितले."

त्यांनी हसत पैसे दिले. मुलगी सामानाच्या यादीसाठी वही घेऊन मागे उभीच होती. लिहून दिलं: सहा कोनी गोट्यांचा सेट, एक वीतभर आणि एक हातभर रॉड, युनिव्हर्सल, टेप. आणि सगळ्यात वर, दोनदा अधोरेखित करून, लोखंडी घोड्या.